गुणमेलन

आमच्या पुतण्याच्या अंगी गुण नाहीत, हा आमच्या घराण्यातला एक निर्विवाद सिद्धांत होता. आणि पुढे तो अभियंता झाला, दोन वर्षे स्पर्धा परीक्षांच्या नादात घालवून अखेरीस हिंजवडीच्या एका कंपनीत भरघोस पगारावर रुजू झाला, दुचाकीवरून चारचाकीवर आला, तरी या सिद्धांताला बाध यावा असे काही त्याच्या हातून घडले आहे, असे त्याच्या तीर्थरूपांस, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंस, कधी वाटले नाही. म्हणूनच श्रावणातल्या एका संध्याकाळी तो माझ्या झोपाळ्यावर येऊन बसला आणि "काका, माझे पंचाहत्तर भरतात," असे गंभीरपणे म्हणाला, तेव्हा तो आपल्या वजनाविषयी बोलत असावा अशी माझी समजूत झाली. वजन नव्हे, गुण, हे कळल्यावर मी चष्मा पुसला. ज्याच्यात एकही नाही असे आम्ही सर्वांनी एकमुखाने ठरविले होते, त्याच्यात ऑस्ट्रेलियाच्या सरकारास ७५ आढळावेत, ही गोष्ट त्या सरकारच्या चौकसपणाची समजावी की आमच्या अंधत्वाची, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही.

माझी स्वतःची चौतीस वर्षे तहसील कचेरीत गेली असून अव्वल कारकून म्हणून मी सेवानिवृत्त झालो. त्यामुळे तक्ता, परिशिष्ट व कलम या वाङ्मयप्रकारांविषयी मला जी ओढ आहे ती इतरांना कादंबरीविषयी असते. पुतण्याने दाखविलेला तक्ता मी एका बैठकीत वाचून काढला. परक्या मुलखातून येऊन कायमचे राहू इच्छिणाऱ्या कुशल माणसाचे मोल त्यात मोठ्या तपशिलाने बांधलेले आहे. पंचविसाव्या वाढदिवसापासून तेहतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्रीपर्यंत वयाचे ३० गुण, पुढे चाळिशीपर्यंत २५, चाळिशीनंतर १५, आणि पंचेचाळिशी गाठली की देवडीवरूनच नमस्कार. पदवीचे १५, डॉक्टरेटचे २०. इंग्रजी कामापुरते येत असेल तर शून्य, चांगले असेल तर १०, उत्कृष्ट असेल तर २०. नोकरीच्या अनुभवाचे वेगळे. परंतु तो अनुभव तपासणारी मंडळी आरंभीची काही वर्षे 'तेव्हा तुम्ही अजून कुशल व्हायचे होतात' अशा मुद्द्यावर वजा करतात. त्यामुळे पुतण्याच्या आठ वर्षांची सहा झाली आणि १० गुण पदरात पडले. त्या पहिल्या दोन वर्षांत तो काहीच करीत नव्हता, हे माझ्या बंधूंचे मत अशा रीतीने आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले.

त्या तक्त्यातील सर्वांत तात्त्विक कलम मात्र विवाहाविषयीचे आहे. अविवाहितास १० गुण. विवाहितासही १०, पण पत्नी स्वतः कुशल व्यवसायात असून तिचे वय, विद्या व इंग्रजी रीतसर तपासून घेतलेले असेल तर. तिला नुसते कामापुरते इंग्रजी येत असेल तर ५. आणि ती नुसतीच सुस्वभावी व गृहकृत्यदक्ष असेल तर शून्य. आमच्याकडे पत्रिका जुळविताना ३६ पैकी निदान १८ गुण जुळावे लागतात हे सर्वांस ठाऊक आहेच. आणि आमच्या वहिनींनी त्याच सुमारास सांगलीचे एक स्थळ आणले होते, ज्यात मुलगी तेथल्या शाळेत मराठी शिकवीत होती आणि गुण चक्क ३१ जुळत होते. पुतण्याने कागदावर हिशेब मांडून आईला दाखविला की सांगलीचे ३१ घ्यायचे तर ऑस्ट्रेलियाचे निदान पाच तरी सोडावे लागतात, आणि दोन्हींची बेरीज एकाच वहीत होत नाही. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत. "लग्न केलं म्हणून गुण कापणारा देश तो कसला देश, भावोजी?" असा त्यांनी मला सवाल केला. लग्नानंतर पुरुषाचे गुण कमी होतात, हे निरीक्षण तसे आपल्याकडेही जुने आहे, असे मी म्हणणार होतो. परंतु बंधू समोरच बसले होते.

उत्तीर्ण होण्यास ६५ गुण पुरतात, असे कायदा म्हणतो. पण हे ६५ म्हणजे ओसरीवर चपला काढून बसण्याची परवानगी होय. आत बोलावणे येईलच असे नव्हे. आणि येथे मला त्या सरकारच्या कारभारातील जी कल्पकता दिसली तिच्यापुढे मी मनोमन हात जोडले. त्यांच्याकडे अर्ज करता येत नाही. आधी, आपली अर्ज करण्याची इच्छा आहे असे कळवायचे. ती इच्छा दोन वर्षे त्यांच्या दप्तरी पडून राहते. अधिक गुणवाल्यांच्या इच्छा आधी उचलल्या जातात. आणि आपल्या इच्छेचा क्रम लागून अर्ज करण्याचे निमंत्रण आलेच, तर साठ दिवसांत खरा अर्ज गुदरायचा. अर्जांचे ढीग कमी करण्यासाठी आम्ही आयुष्यभर 'त्रुटीपूर्तीसाठी परत' हा एकच शेरा वापरीत राहिलो. अर्ज करण्याच्या इच्छेचाच अर्ज मागवावा, ही युक्ती चौतीस वर्षांत एकाही मामलेदाराला सुचली नाही.

मार्गही अनेक, आणि प्रत्येकाला क्रमांक. आपण मंडळी ४२० हा आकडा ऐकत वाढलो, त्यामुळे १८९, १९० व ४९१ हे उच्चार कानी पडताच प्रथम गुन्ह्याचीच आठवण होते. १८९ म्हणजे स्वतःच्या हिमतीवर जाणारा. १९० म्हणजे तेथील एखाद्या राज्याने शिफारस केलेला, त्याला ५ गुण वाढवून. आणि ४९१ म्हणजे मुफसल भागात राहण्याच्या कबुलीवर तात्पुरता घेतलेला, त्याला १५. यातील मुफसलाची व्याख्या मोठी उदार आहे: सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन वगळता बाकी सारे खंड त्यात येते, पर्थसारखे समुद्रकाठचे महानगरसुद्धा. पुणे व मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र म्हणजे निव्वळ बदलीची शिक्षा, असे मानणाऱ्या आमच्या जुन्या साहेबांना ही व्याख्या फार पटली असती.

कुशल व्यवसायांची याददेखील मी उत्सुकतेने चाळली. अभियंते व डॉक्टर होतेच. पण सुतार होता, विटांचे काम करणारा गवंडी होता, प्लंबर होता, आचारी होता. अव्वल कारकून कोठेही नव्हता. पुतण्या म्हणाला, "काका, तुमचं तसंही वय बसत नाही." तेवढ्याने समाधान होण्यासारखे नव्हते, पण मी विषय वाढविला नाही.

पुतण्याचे घोडे इंग्रजीत अडले होते. बालवाडीपासून इंग्रजीत शिकलेला, स्वप्नातही इंग्रजीत बरळणारा हा गृहस्थ आयेल्ट्स नामक परीक्षेला दोनदा बसला आणि चारही अंगांत ८ मिळाल्यावाचून 'उत्कृष्ट' हा शेरा मिळत नसल्याने, ऐकणे, वाचणे व बोलणे यांत पार होऊनही लिहिण्यात ७.५ वर थांबला. अर्ध्या गुणापायी दहा गुणांचे नुकसान. शेवटी एका एजंटाकडे गेला. मीही सोबत गेलो. भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर कापसाचे कांगारू, आणि मुद्रांक विक्रेत्याच्या चेहऱ्यावर असते तशीच ती सर्वज्ञ सहानुभूती. त्या गृहस्थाने तक्त्यावर बोट फिरवीत विचारले, "मराठी येतं का तुम्हाला?" पुतण्या चमकला. पुण्यात हा प्रश्न शिष्टाचारात बसत नाही. त्यावर उलगडा झाला तो असा की, तेथील नागरिकांना कचेरीत वा दवाखान्यात दुभाष्याचे साहाय्य देऊ शकेल अशा माणसास, इंग्रजी व आपली भाषा यांमधील परीक्षा उत्तीर्ण झाल्यास, ५ गुण अधिक मिळतात. आणि त्या भाषांच्या यादीत मराठी आहे.

या बातमीने मी किती हेलावलो हे सांगणे कठीण आहे. कारण ज्या देशाने हे पाच गुण ठेवले, त्याच देशाने १९०१ साली प्रवेशबंदीचा एक कायदा केला होता आणि त्यात रंगाचा उल्लेख टाळून भाषेचा दंडुका वापरला होता. नको असलेला माणूस बंदरात उतरला की अधिकाऱ्याने त्याला ५० शब्दांचा उतारा, आपल्या मर्जीतील कोणत्याही युरोपीय भाषेत, लिहून घ्यावयास सांगायचा. आलेल्यास इंग्रजी येत असेल तर दुसरी भाषा, तीही येत असेल तर तिसरी. १९०९ नंतर या परीक्षेत एकही इसम उत्तीर्ण झाला नाही. एवढा कडक निकाल आमच्या पूर्वीच्या मॅट्रिकनेही कधी लावला नव्हता. १९३४ साली प्रागचा एगोन किश हा बहुभाषी पत्रकार व्याख्यानास आला असता त्याला उतरू देईनात, तेव्हा मेलबर्नला त्याने जहाजावरून धक्क्यावर उडी घेऊन पाय मोडून घेतला, आणि पुढे सिडनीत त्याची परीक्षा घेतली ती स्कॉटिश गेलिक भाषेत. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायमूर्तींनी ठरविले की गेलिक ही त्या कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषाच नव्हे! यावर स्कॉटलंडकडच्या लोकांना काय वाटले असेल ते असो. ती परीक्षा १९५८ साली रद्द झाली. ज्या दाराशी भाषा ही कडी होती त्याच दाराशी आता तुकोबांच्या भाषेची पाच आण्यांची का होईना, किल्ली चालते, या विचाराने मी त्या एजंटाच्या हातचा चहा घेतला. एरवी घेतला नसता.

पाच गुणांची ती मराठीची परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा उल्लेख सारे जण 'नाटी' असा करतात. "नावातच नाट लागलाय," असे वहिनी म्हणाल्या, आणि शिकवणीची जबाबदारी माझ्यावर आली.

परीक्षेत दोन संवाद असतात, सुमारे तीनशे शब्दांचा एकेक. एक बाजू इंग्रजी बोलते, दुसरी मराठी. पस्तीस शब्दांच्या आत एकेक तुकडा ऐकू येतो आणि तो लगेच दुसऱ्या भाषेत सांगायचा. एकूण गुण ९०, उत्तीर्ण होण्यास ६३, आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी निदान २९. पहिल्या दिवशी मी डॉक्टर झालो व पित्ताशयातील खड्यांविषयी इंग्रजीत बोललो. पुतण्याने मराठी केले: "तुमच्या गॉलब्लॅडरमध्ये स्टोन्स आहेत, सो ऑपरेट करावं लागेल." यात मराठी कोणते, असे विचारता "आहेत" आणि "करावं लागेल" या दोन स्थळांकडे त्याने बोट दाखविले.

मी घरमालक झालो, विमा कंपनी झालो, पोलीस शिपाई झालो. मॉर्गेजला गहाण, डिपॉझिटला अनामत, विटनेसला साक्षीदार, हे तो हळूहळू शिकला. एके दिवशी त्याने विचारले, "काका, कंप्लेंटला काय म्हणायचं?" आणि मी, इतक्या वर्षांनी कोणीतरी आपणहून विचारल्याच्या आनंदात, सांगू लागलो की, बाबा रे, कचेरीत करतात ती तक्रार, न्यायालयात करतात ती फिर्याद, देवापुढे वा वडीलधाऱ्यांपुढे मांडतात ते गाऱ्हाणे, आणि सुनेची सासूकडे परस्पर पोहोचते ती कागाळी, यांपैकी पहिलीला आवक क्रमांक लागतो, दुसरीला मुद्रांक, तिसऱ्याला नारळ... "काका, पेशंट मेला," असे पुतण्या घड्याळ पाहून म्हणाला.

तरी दोन महिन्यांत त्याच्या जिभेला वळण लागले. लागले ते माझे लागले, एवढाच दोष. कंपनीतल्या सहकाऱ्यास त्याने "सदरहू चूक तुझ्या हातून झाली, सबब तूच दुरुस्त कर" असे म्हटल्याचे कळले, आणि त्या कानडी सहकाऱ्याने म्हणे ती चूक भीतीपोटी तत्काळ दुरुस्त केली.

दरम्यान कागदपत्रांचे काम चालू होते, आणि तेथे मी खऱ्या अर्थाने माझ्या मुलखात होतो. आमच्या बंधूंच्या नावाच्या आरंभी 'ज्ञ' हे अक्षर आहे. ते इंग्रजीत कसे लिहावे याविषयी जन्मदाखला, शाळा, विद्यापीठ व पासपोर्टखाते यांची चार स्वतंत्र मते होती: एकाने डी-एन-वाय लिहिले, दुसऱ्याने जी-एन-वाय, तिसऱ्याने जे-एन आणि चौथ्याने जी-वाय. परिणामी परराष्ट्राच्या दृष्टीने पुतण्यास चार वडील होते. "उपरोक्त चारही नावे एकाच इसमाची असून तो इसम मीच आहे," असे प्रतिज्ञापत्र बंधूंनी सत्तराव्या वर्षी नोटरीसमोर केले, आणि घरी येताना, ते आजवर कोणी मागितले कसे नाही, असे पुटपुटत राहिले. दुसऱ्या एका नमुन्यात गेल्या दहा वर्षांतील प्रत्येक वास्तव्य व परदेशगमन तारीखवार लिहायचे होते. त्यात थायलंड निघाले. त्या आठवड्यात चिरंजीव बंगळूरला प्रशिक्षणास गेले आहेत, अशी बंधूंची सहा वर्षे समजूत होती.

परीक्षा घरबसल्या संगणकावर, परीक्षकाच्या नजरेखाली होते. म्हणून त्या सकाळी बंधूंच्या कोथरूडच्या सदनिकेत संचारबंदी होती. कुकर लावायचा नव्हता, घंटी काढून ठेवली होती, बंधूंना खोकल्याच्या औषधासह गच्चीवर पाठविले होते, आणि मी फाटकाशी भंगारवाल्यांच्या बंदोबस्तास उभा होतो. दोन परतविले. तिसऱ्याच्या वेळी मी वर पाणी प्यायला आलो असता बंद दारातून पुतण्याचा आवाज ऐकू आला. पलीकडे कोणी डॉक्टर एका वृद्धेला गोळ्या समजावून देत असावा. पुतण्या खणखणीत म्हणत होता: "सबब आजी, आपण सदरहू गोळी रोज रात्री जेवणोत्तर न चुकता घेणे."

मी कपाळाला हात लावला. पण निकाल आला तो ७१. हुकूमनाम्यासारखी का होईना, गोळी पोहोचली होती.

पाच गुण पडले, ७५ चे ८० झाले, वहिनींनी देवापुढे पेढे ठेवले. आणि त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी पुतण्याचा तेहतिसावा वाढदिवस आला. पाटाभोवती रांगोळी, निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी. वहिनी "शतायुषी हो" म्हणून ओवाळीत होत्या आणि तो शून्य दृष्टीने ज्योतीकडे पाहत होता, कारण त्या मध्यरात्री वयाचे ३० जाऊन २५ झाले होते. मराठीने दिलेले आयुष्याने नेले. पुन्हा ७५.

बंधूंनी त्याचे सांत्वन करण्याऐवजी, आपल्याला तिकडे कायमचे येता येईल काय, अशी चौकशी केली. येता येते. एकुलत्या एका मुलाच्या आईबापांना तर अडचणच नाही. निम्मी मुले तेथे असावीत, अशी अट आहे आणि एकाचे निम्मे तो व्यापूनच उरतो. साधा अर्ज केल्यास प्रतीक्षेचा काळ मात्र, तेथील खात्याच्याच अंदाजाने, तीस वर्षांच्या घरात जातो. म्हणजे 'शतायुषी हो' हा आशीर्वाद आता बंधूंना लागू करणे भाग होते. लवकर यायचे तर माणशी पन्नास हजार डॉलरांच्या आसपास मोजण्याची सोय आहे, आणि पैसे मोजूनही रांग आहेच. बंधू बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तोवर इथंच थांबतो."

माझी शिकवणी मात्र त्या ७१ गुणांनी प्रसिद्धीस आली. हल्ली दर रविवारी माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती सहा जण बसतात. सारे पुण्याचे, सारे मराठी सोडून जाण्यासाठी मराठी शिकणारे. पुतण्या सरावासाठी रुग्ण होतो. त्या सहा जणांत बाणेरला नोकरी करणारी, मूळची सोलापूरकडची एक मुलगी आहे; वय २९, व्यवसाय त्याच यादीतला, कौशल्याची तपासणी झालेली, आणि आयेल्ट्सच्या लेखनातसुद्धा ८. गेल्या रविवारी 'कागाळी' आणि 'चहाडी' यांतील भेदावरून तिचे व पुतण्याचे जे भांडण जुंपले ते तीन तास, संपूर्ण मराठीत, चालले. वहिनी पोहे घेऊन आल्या होत्या त्या उभ्याच राहिल्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून हलक्या आवाजात विचारले, "अशी मुलगी केली तर त्याचे ते दहा जात नाहीत ना?" मी तक्ता पाहून सांगितले की जात नाहीत, अविवाहिताचे दहा वजा आणि कुशल पत्नीचे दहा जमा, ऑस्ट्रेलियाच्या दृष्टीने हा विवाह बिनतोशिशीचा आहे.

वहिनींनी दुसऱ्याच दिवशी दोन्ही पत्रिका जोशीबुवांकडे नेल्या. गुण जुळले साडेसतरा.

काल त्या पुन्हा आल्या. "भावोजी, तिकडं राज्यानं शिफारस केली की पाच वाढवून मिळतात म्हणता ना? मग इथं अर्ध्यासाठी काहीच सोय नसेल? तुम्ही कचेरीतले. एक अर्ज लिहून तर पाहा." मी फुलस्केप कागद घेतला, डाव्या बाजूस समास सोडला, उजवीकडे तारीख घातली, विषय व संदर्भ लिहिला आणि 'प्रति' एवढे लिहून थांबलो आहे.